अबू वहाबची जीभ

"पाणी गोड आहे, सोडा," असं अबू वहाब एकदा म्हणाला, आणि आम्ही सोडलं.

आमच्या सीबा गावात पाटकऱ्याचं काम भरतीच करायची. समुद्र चढला की तो शत्त-अल-अरब नदीचं गोडं पाणी उलटं रेटत ओढ्यांत आणायचा. आम्ही बांधातून पाणी आत घेणाऱ्या पोकळ खोडाचा बोळा तेवढा काढायचा. खजुराची झाडं पिऊन घ्यायची. मग वर धरणामागून धरण झालं, नदी बारीक झाली आणि भरतीबरोबर समुद्रच आत यायला लागला. तेव्हापासून बोळा काढण्याआधी चव घेणं आलं. ते काम सत्तरीतल्या अबू वहाबचं. ओंजळभर पाणी तोंडात घोळवून तो थुंकायचा. खारट असलं तर मान हलवायचा, आणि बागा तहानलेल्या राहायच्या. त्याच्यानंतर दुसरं कुणी चाखत नसे.

सगळ्यांनी पिण्यासाठी टँकर लावला. त्यानं नाही, तो नदीचंच प्यायचा. नदी माझ्याशी खोटं बोलत नाही, म्हणायचा. त्याच्याकडे चहा पिताना शेजारचा जासिम त्याच्या बायकोला विचारायचा, "उम्म वहाब, साखर संपली की मीठ घालता काय?" अबू वहाब पेला रिकामा करून म्हणायचा, याची जीभ शहरात बाटलीय.

त्या ऑगस्टात पंधरा दिवस बोळे बंद होते. सोळाव्या दिवशी त्यानं पाणी बराच वेळ तोंडात धरलं आणि सोडा म्हणाला. आठवड्यात नव्या रोपांचे शेंडे करपले. जासिमची साठ गेली, माझी तीस, त्याची स्वतःची बारा.

जासिमच्या बैठकीत जमलो. कुणी त्याला दोष दिला नाही. पुढची भरती कुणाच्या शब्दावर घ्यायची, एवढंच ठरवायचं होतं. जासिमनं दोन पेले पुढे ठेवले, एकात टँकरचं पाणी, एकात नदीचं.

"अबू वहाब, रागावू नका. यातलं नदीचं कुठलं, तेवढं सांगा."

तो एक पेला प्यायला. मग दुसरा. मग परत पहिला. नदीचं कुठलं ते मला ठाऊक होतं. डोळ्यांनी खुणवावंसं वाटलं, खुणवलं नाही.

"दोन्ही गोड आहेत."

जासिमनं मान खाली घातली. बाहेर भरती चढत होती, बांधाला पाणी लागल्याचं ऐकू येत होतं. अबू वहाबनं मिशी पुसली, चपला पायांत सरकवल्या आणि निघून गेला.