गिलाव्याचा वैरी

सिमेंटला जीव लावणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच जन्माला आला आणि तो नेमका माझा साडू निघाला. वसमतला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो यांवर त्याचं पोट भरतं. मन मात्र भरतं ते पाण्याची टाकी, कालव्याचा पूल, जुनं कापसाचं गोदाम अशा उघड्यावाघड्या काँक्रीटचे फोटो काढून. गिलावा आणि रंग हे त्याचे जन्माचे वैरी. एका पाव्हण्याच्या वास्तुशांतीला त्यानं भर पंगतीत यजमानाला विचारलं, "गिलावा काहून केला हो? स्लॅब टाकला तवा घर लई देखणं दिसत व्हतं!" यजमानानं हातातली जिलेबी तशीच पुढच्या पानाकडे नेली. मी त्याचा साडू म्हणून ती माझ्याही पानाला चुकली.

काँक्रीटला स्वभाव असतो, असं त्याचं ठाम मत. "दुपारी ते झोपतं, साडभाऊ. डोक्यावर ऊन आलं की नुसती राखेची भिंत. तुमी सांजच्याला या, मंग बगा." मी गेलो, आणि कबूल करावं लागलं. सकाळी पावसानं म्हशीच्या पाठीसारखा काळा तुकतुकीत झालेला कालव्याचा पूल उतरत्या उन्हात हळदीनं माखल्यासारखा उजळला होता. असं ऊन गाठण्यासाठी तो कुठेही आणि कसाही थांबतो. जवळा बाजारला भर बाजाराच्या दिवशी तो गोदामाच्या छज्ज्याखाली उताणा पडून वर बघत होता. लोकांना वाटलं, मिरगी आली. एकानं नाकाला कांदा लावला, दुसऱ्यानं चप्पल. साडूनं छज्ज्यावरची नजर हलवली नाही. "जरा बाजूला सरका, सावली पडून राहिली," एवढंच म्हणाला.

गेल्या वर्षी त्याच्या घरामागची पाण्याची टाकी पाडायचं ठरलं. ती धोक्याची झाली होती. साडू मला घेऊन थेट नगरपालिकेच्या साहेबांकडे गेला. आता हा टाकीसाठी रडणार, म्हणून मी आधीच खाली मान घातली. पण हा म्हणाला, "पाडा साहेब. लेकरं खेळतेत तिथं. फक्त ढग हटूस्तोर थांबा." साहेब पोट धरून हसले. थांबलं मात्र कुणी नाही.

पाडायच्या सकाळी आभाळ भरलेलंच होतं. लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे सारी गल्ली जमली होती. साडू कॅमेरा रोखून आभाळाकडे बघत होता आणि माझी मेहुणी शेजारणीला सांगत होती, "रात्रीपासून जेवले न्हाईत. कोणाचा सोयरा मेला म्हनावं?" मशीननं सोंड उचलली, तोच ढग फाटला आणि तिरपं ऊन टाकीवर पडलं. मशीनवाल्यानं आपणहून इंजिन बंद केलं. "लो चाचा, धूप आ गई."

त्या उन्हात टाकीच्या अंगावर काँक्रीट ओततानाच्या साच्याच्या फळ्यांची रेघ न् रेघ उठून आली. लाकडाच्या गाठीसुद्धा दिसू लागल्या. जन्मभर तिचं पाणी पिऊन तिच्याकडे मान वर करून न बघितलेली गल्ली टाचा उंचावून बघू लागली. मेहुणी हळूच म्हणाली, "भाऊजी, ही अशी व्हती व्हय?"

साडूनं फोटो काढले. मग मशीनवाल्याला हात करून म्हणाला, "चालू द्या आता," आणि टाकीकडे पाठ फिरवून उभा राहिला. प्रत्येक घावाला त्याचे खांदे तेवढे हलत होते. धुरळा खाली बसला तेव्हा त्याचे केस, भुवया, सगळं राखाडी झालं होतं. मेहुणी पुढे झाली आणि चारचौघांत पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणाली, "चला. दोन घास खा." तो लेकरासारखा तिच्यामागून निघाला.

ऊन मात्र त्या दिवशी सांजेपर्यंत लख्ख पडलं. पडायला जागा तेवढी उरली नव्हती.