वास घेऊन पाठवलेला कोसा

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शाळा सुटल्यावर हातात पेन आलं ते थेट पार्सलांवर पत्ते लिहायला, म्हणून माझं अक्षर पत्त्यासारखंच आहे, मोठं आणि तुटक. र्‍हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे माझ्या हाताला अजून उमगलेलं नाही. वाचताना कुठे अडखळायला झालं तर रागावू नये, ती चूक माझी आहे असं समजून पुढे जावं. कुसुमबाईंची मुलगी प्रज्ञा म्हणते, "मावशी, तुम्ही आईबद्दल लिहा, पेपरच्या पुरवणीत देऊ." द्यायचं की नाही ते नंतर ठरवीन. सध्या स्वतःसाठीच लिहिते आहे.

बाई गेल्याची बातमी आमच्या घरी द्वारकाबाईंनी आणली. द्वारकाबाई म्हणजे बाईंच्या आरमोरीतल्या शेजारीण, महानुभाव पंथाच्या, अंड्याचं नावही तोंडात न घेणार्‍या. आणि आमचं घर ढिवराचं. तलावातल्या मासळीवर आमचं पोट, दारात जाळी टांगलेली, छपरावर मासळी वाळत घातलेली. कधी आमच्या गावात आल्याच तर द्वारकाबाई रस्त्यावरूनच हाक मारत, पदर नाकाला लावून. त्या दिवशी मुलाच्या गाडीवरून उतरल्या आणि सरळ आत येऊन जमिनीवर बसल्या. पदर नाकाला नव्हता. मी पाणी आणायला उठले तेवढ्यात म्हणाल्या, "यमू, आपली कुसुम गेली व…" नागपूरच्या दवाखान्यात, सकाळी. मी त्यांच्याजवळ खाली बसले. पाणी आणायचं राहूनच गेलं.

कुसुमबाई आरमोरीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. नवीन मशीन आलं, नंबर आपोआप लागायला लागले, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि बसस्टँडजवळ एसटीडीचा बूथ टाकला. नवरा आधीच वारलेला, मुलगी नागपूरला कॉम्प्युटर शिकत होती. बूथमध्ये भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली दोन टेलिफोन. मी तेव्हा कोशातून सूत काढून व्यापार्‍यांना विकत असे. आमचे लोक जंगलात येनाच्या झाडावर कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, अळ्या पाळतात. ते कोसे शिजवून, मांडीवर घोळून आम्ही बाया त्यांचं सूत काढतो. विकून झालं की बस येईपर्यंत मी बूथच्या पायरीवर बसायची. बोलायची मात्र नाही. मी कोणाशीच बोलत नसे.

एक दिवस बाईंनीच विचारलं, "काय आहे व गाठोड्यात?"

"सूत व्हय. पसंत नाई पडलं म्हने आज."

"पसंत नाई पडलं?" बाई हसल्या. "अवं, इथूनच व्यापारी नागपूरले फोन करते. लाईन खराब असते तं ओरडून ओरडून भाव सांगते. तुले काय देते अन् तिकडं काय घेते, मी रोज ऐकून राह्यली. ऐकून ऐकून कान दुखाले लागले माहे."

आमचं दुकान त्या ओरडण्यातून निघालं, असं बाई पुढे सगळ्यांना सांगत. त्या दोन भावांमधलं जे अंतर होतं ते कुठे जातं, हे त्यांना रोज ऐकू येत होतं. प्रज्ञाला नोकरी लागली तेव्हा तिने सांगितलं की आता वस्तू इंटरनेटवर विकता येतात, दुकानाला गाळा लागत नाही. बाईंनी बूथमध्ये जुना कॉम्प्युटर आणला. इंटरनेट त्याच टेलिफोनच्या तारेवर चालायचं, त्यामुळे कोणी फोन करायला आलं की आमचं दुकान बंद. एक फोटो चढेपर्यंत चामोर्शीची बस येऊन निघूनही जायची.

फोटो आम्ही तलावाच्या पाळीवर सकाळच्या उन्हात काढायचो. कोशाचा खरा रंग तेव्हाच दिसतो, ट्यूबलाईटखाली तो मेल्यासारखा वाटतो. कापड धरलेले हात माझे. चेहरा येऊ नये म्हणून मी मान वळवून उभी राहायची आणि बाई म्हणायच्या, "यमे, श्वास तं घे." मालाखाली काय लिहायचं यावरून मायलेकींचं भांडण झालं. बाईंनी लिहिलं, 'मांडीवर काढलेलं सूत.' प्रज्ञा म्हणाली, "आई, मांडी काय लिहितेस? हातानं काढलेलं लिही." बाई म्हणाल्या, "मांडीवर काढते तं मांडीच लिहीन. तुले लाज वाटत असन तं डोये बंद करून टाईप कर." ते तसंच राहिलं. पुढे कितीतरी गिर्‍हाइकांनी ती एक ओळ वाचून पत्र पाठवलं.

पहिली ऑर्डर बंगलोरहून आली, एका ओढणीची. बाईंना वाटलं कोणीतरी मस्करी करतंय. ड्राफ्ट हातात आला तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. पण पहिले कितीतरी महिने हातात काही उरलं नाही. विणकराचे, सूत काढणार्‍या बायांचे, पोस्टाचे आणि टेलिफोनच्या बिलाचे पैसे बाई आधी बाजूला काढत, मग जे राहील तो आपला नफा. राहतच नव्हतं. मी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, आपून लोकाइले भरून देऊन राह्यलो काय?" त्यावर त्या रागावल्या नाहीत, विचारात पडल्या. दुसर्‍या दिवशी म्हणाल्या, "साडी बंद. साडीत पैसा अडकून पडते, विकली तं दिवायीले. स्टोल विणू. लहान, हलका, पोस्टालेही स्वस्त." पोस्टाचा खर्चही त्यांनी किमतीतच धरला. त्यानंतर दुकान चालायला लागलं. आपल्याकडे नसलेला माल दाखवायचा नाही आणि पत्राचं उत्तर त्याच दिवशी द्यायचं, एवढं त्या पाळत. पहिल्या नफ्यातल्या माझ्या वाट्यातून मी सासर्‍यांच्या डोळ्यांचा मोतीबिंदू काढून आणला. त्यांना जाळ्याची गाठ पुन्हा दिसायला लागली.

मग ती लग्नाची ऑर्डर आली. अहमदाबादच्या एका बाईंना मुलीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना कोशाचे स्टोल द्यायचे होते. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला कधीच आली नव्हती. त्यांनी पूर्ण पैसे आधीच पाठवले. विणकरांना, बायांना पैसे वाटून झाले, रात्रंदिवस माग चालले. बूथमध्ये एवढा माल मावेना, म्हणून घडी घालणं आणि बांधणं आमच्या घरी झालं. स्टोल आमच्या आतल्या खोलीत कितीतरी दिवस राहिले. वर सासूबाईंनी पावसाळ्यासाठी सुकी मासळी टांगलेली होती, पण ती तर नेहमीच टांगलेली असते. आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही.

अहमदाबादहून पत्र आलं ते बाईंनी मला वाचून दाखवलं. पाहुणे सगळे शाकाहारी. लग्नघरात खोका उघडला आणि मासळीचा वास सुटला. मुलीच्या सासरची माणसं उठून बाहेर गेली. त्या बाईंनी सगळा माल ट्रान्सपोर्टने परत पाठवला होता आणि पूर्ण पैसे मागितले होते. मी खोका उघडला, तोंड आत घालून वास घेतला. मला कसलाच वास आला नाही… तेव्हा मला खरी भीती वाटली.

त्यानंतर मी आरमोरीला जाणंच बंद केलं. लोक बाईंना सांगत होते, वास काय, दोन दिवस उन्हात टाकला की जातो. एक विणकर म्हणाला, "अहमदाबाद कुठी अन् आरमोरी कुठी? कोण येते पैसे मांगाले?" बाई त्याला म्हणाल्या, "ते येणार नाई म्हनूनच द्या लागते. येणारी असती तं भेवानं दिले असते." त्यांचं म्हणणं असं होतं की आपल्या दुकानाला दार नाही, पाटी नाही, गिर्‍हाईक आपल्याला पाहूही शकत नाही. तरी पैसे आधी पाठवतं. ते ज्या भरवशावर पाठवतं, तेवढाच आपला गाळा. तो गेला तर दुकान गेलं, आणि त्या सूत काढणार्‍या बाया पुन्हा पायरीवर. वाटलेले पैसे मात्र बाईंनी कोणाकडूनही परत घेतले नाहीत. "तिनं काम केलं, तिचे पैसे तिचे," एवढंच.

मी येत नाही असं पाहून एका दुपारी बाई स्वतः आमच्या घरी आल्या. सासूबाईंनी हात जोडले, "बाई, आमच्या मासयीनं तुमचं दुकान बुडवलं."

"बुडालं नाई आजी," बाई म्हणाल्या, "फक्त वास मारून राह्यलं."

सासूबाई हसायला लागल्या, मग रडायला लागल्या, मग त्यांनी ताट वाढलं. बाईंनी मासळीचा रस्सा आणि भात पोटभर खाल्ला, बोटं चाटली आणि माझ्याकडे वळल्या. "तुले वास आला नाई, मले बी आला नाई. मी बी खाणारीच. आपल्या नाकाचा काय गुन्हा? आता आपल्याले नाक उसनं आणा लागन."

उसनं नाक म्हणजे द्वारकाबाई. बांधायचं काम बाईंनी स्वतःच्या झोपायच्या खोलीत नेलं, पलंग बाहेर ओसरीत टाकला. प्रत्येक स्टोल घडी घालण्याआधी शेजारी जायचा. द्वारकाबाई डोळे मिटून वास घेत आणि दोनच शब्द बोलत, "जाऊ दे" किंवा "नोको." एकदा त्या मला म्हणाल्या, "यमू, याले वास नाई, पण तुले आहे. तू दूर सरक, मंग सांगतो." सगळ्यांत जास्त मीच हसले. नंतर मी बाईंच्या घरी एक लुगडं ठेवलं, आल्याबरोबर हातपाय धुऊन ते नेसायचं आणि मगच कापडाला हात लावायचा.

परत आलेले स्टोल आम्ही रिठ्याच्या पाण्यात धुतले, पाळीवर वाळवले, पुन्हा धुतले. बाईंनी ते दुकानात वेगळे मांडले आणि खाली खरं ते लिहिलं, की हे स्टोल मासेमारी करणार्‍या घरात राहिले होते, रिठ्यात धुतले आहेत, म्हणून किंमत कमी. प्रज्ञाने कपाळाला हात लावला. पण ते हळूहळू सगळे विकले गेले. कलकत्त्याच्या एका बाईंनी तर लिहिलं की आमच्यासाठी धुवायची काहीच गरज नव्हती. ते पत्र बाईंनी द्वारकाबाईंना मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं.

तरी एवढी रक्कम एकदम देणं शक्य नव्हतं. बाईंनी अहमदाबादला कळवलं, एकदम जमणार नाही, पण दुकान चालेल तसे दर महिन्याला पाठवीन, पूर्ण पाठवीन. तिकडून उत्तर आलं नाही. बाई पाठवत राहिल्या. ज्या महिन्यात विक्री कमी त्या महिन्यात लहान ड्राफ्ट, पण ड्राफ्ट चुकला नाही. दुकान वाढत गेलं, सूत काढणार्‍या बाया वाढल्या, त्यांना दर महिन्याला वेळेवर पैसे मिळायला लागले. खूप दिवसांनी अहमदाबादहून एका ओळीचं पत्र आलं, 'पैसे मिळत आहेत.' बाई म्हणाल्या, "बोलली बिचारी."

मग बाईंच्या किडन्या बिघडल्या. नागपूरला दवाखान्यात सुया टोचलेल्या हाताने त्या मोबाईल धरत आणि तिथून दुकान चालवत. मला विचारत, "द्वारकानं वास घेतला काय?" आपल्या दुखण्याचं सांगत नसत. मी त्यांना कधी 'तुमचे उपकार' वगैरे म्हटलं नाही, म्हणायला जीभ वळली नाही. आता म्हणते. मला माझ्या हातांचा भाव त्यांनी दाखवला. माझ्या घराचा वास त्यांनी जगाला सांगितला आणि तरी मला मान खाली घालावी लागली नाही. एवढं कोण करतं?

त्या गेल्या तेव्हा अहमदाबादचा शेवटचा ड्राफ्ट तेवढा राहिला होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, प्रज्ञा परत जाताना बाईंचा मोबाईल माझ्या हातात ठेवून म्हणाली, "मावशी, आता दुकान तुम्ही बघायचं." मी कधीच गिर्‍हाइकाशी बोलले नव्हते. आणि पहिला फोन आला तोच अहमदाबादचा. बराच वाजू दिल्यावर मी तो उचलला.

"कुसुमबेन?"

मी म्हटलं, "कुसुमबाई नहीं रही." मग त्या म्हणाल्या, "बहन, अब जो बाकी है वो मत भेजना. छोड दो."

मला हिंदी येत नव्हती, येत होती तेवढी एकदम बोलून टाकली. "नाई मॅडम. छोडना नहीं. बाईने पूरा बोला था. तो मैं पूरा भेजती."

दुसर्‍याच दिवशी मी बँकेत गेले. पाठवणार्‍याच्या जागी बाईंच्या दुकानाचं नाव लिहिलं, खाली माझी सही केली. ड्राफ्ट रजिस्टरने गेला. काही दिवसांनी पुन्हा फोन वाजला, या वेळी मी लगेच उचलला.

"मिल गया, बहन. पूरा मिल गया."

बाई सगळ्यांचे फोन, गिर्‍हाइकाचा असो की बँकेचा, एकाच शब्दाने ठेवत. तोच शब्द माझ्या तोंडून गेला, "जयभीम." मी ढिवराची बाई, आणि त्या अहमदाबादच्या… मग हळूच आवाज आला, "जय श्रीकृष्ण," आणि त्यांनी फोन ठेवला.