परदेवाली फटफटी

माझं लग्न दुसरेपणावर झालं. मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाकही माझ्या गळ्यात आला. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती उमटवलेली. पहिली वारली की दुसरीनं तो घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं आणि मग नेसायचं, नाहीतर ती त्रास देते म्हणतात. तिनं मला कधी त्रास दिला नाही. तो तिची आठवण काढणाऱ्यांनी दिला. तिच्या हातची भाकरी काय, तिची रांगोळी काय! मेलेल्या म्हशीला मणभर दूध. हे मात्र तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. माझ्याशीही कामापुरतंच बोलत, म्हणून त्यांचं गप्प राहणं मला जास्त लागे.

आमच्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या धारच्या दरबारच्या चाकरीत. सासरे पागेत होते, हे मोटारखान्यात. संस्थानं विलीन झाली, मोटारखान्याला कुलूप लागलं आणि ह्यांनी जुन्या फटफट्यांचा धंदा धरला. धार-देवासच्या सरदारांनी हौसेनं मागवलेल्या विलायती गाड्या आता गोठ्यांत पडल्या होत्या, त्यांच्यावर कोंबड्या बसत. त्या आणायच्या, चालत्या करायच्या आणि विकायच्या. आमच्या अंगणात काय काय येऊन गेलं! एक साखळीऐवजी चामड्याच्या पट्ट्यावर चालायची, एकीला कार्बाइडचा दिवा होता, एक लढाईतून आलेली मातकट रंगाची होती. "असली गाडी पुन्हा दिसायची नाही," असं हे प्रत्येक गाडीबद्दल म्हणत आणि गिऱ्हाईक आलं की खुशाल विकून मोकळे होत.

देवासची गाडी मात्र गेली नाही. तिथल्या एका सरदाराच्या विधवेनं ती विकायला काढली होती. डाव्या बाजूला साइडकार, साइडकारवर लाकडी चौकट आणि चौफेर जांभळे पडदे, कारण त्या घरात गोषा कडक. सरदार गाडी चालवत आणि बाईसाहेब पडद्याआड बसत. आतल्या गादीला बसून बसून खळगा पडला होता. पहिल्या दिवशी मी आत हात घातला तर वाळ्याचा वास आला. मी हात काढून घेतला.

हे ती देवासहून रिकामीच चालवत आले, पडदे ओढलेले तसेच. वाटेत बैलगाडीवाले गाड्या कडेला घेत होते, पुरुष मान फिरवून उभे राहत होते, असं ह्यांनीच जेवताना सांगितलं. पडद्याआड बाईमाणूस असताना बघायचं कसं? आणि बघितल्याशिवाय आत कोणी नाही हे कळायचं कसं?

मग हे रोज संध्याकाळी तिला मांडूच्या रस्त्यानं फिरवायला नेऊ लागले. इंजन मोकळं व्हायला हवं, म्हणत. एक दिवस शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "वैनी, कल तो बडे ठाठ थे! भिया के साथ परदेवाली में! हमने हाथ जोडे, तुम बोली भी नहीं."

काल संध्याकाळी मी अंगणातल्या वाळलेल्या कुरडया काढत होते. मी हसले. दोन दिवसांनी देवळातले गुरवकाका म्हणाले, "काल सूनबाईंची स्वारी कुठं निघाली होती?" तेव्हाही हसले. मग शिंप्याची बायको, मग दूधवाला. हळूहळू माझं हसू आटलं. मी घरी होते, तर माझ्या नवऱ्याशेजारी रोज कोण बसत होतं? संध्याकाळी फटफटीचा आवाज लांब गेला की मी टाक मुठीत घट्ट धरून चुलीपुढे बसायची.

गिऱ्हाइकं येत होती. मनावर गावचा एक कापसाचा व्यापारी तर दोनदा आला. हे त्याला म्हणाले, "भिया, अभी थोडा काम बाकी है." कसलं काम? गाडी पहिल्या लाथेला सुरू होत होती. मी धीर करून विचारलं, "अहो, विकायची आहे ना ती?"

"विकायचीच आहे," म्हणाले आणि संध्याकाळी पुन्हा निघाले.

मला ती गाडी दारातून गेलेली हवी होती. खरं सांगायचं तर मला माझा नवरा हवा होता, दुसरं काही नको होतं.

त्या व्यापाऱ्याला हे समजावत होते ते मी ऐकलं होतं. साइडकार रिकामी असली की डावं वळण जपून घ्यायचं, तिचं चाक जमीन सोडतं. आत माणूस असलं की गाडी शहाण्यासारखी वळते. ते माझ्या ध्यानात राहिलं, पण ज्या दिवशी राहायला हवं होतं त्या दिवशी विसरले.

त्या दिवशी हे आत कपडे बदलत होते आणि मी पडदा सारून साइडकारमध्ये जाऊन बसले. म्हटलं, एकदाचं रंगेहात पकडावं. कोणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या खळग्यात मी अलगद मावले. गाडी सुरू झाली, गाव मागं पडलं. पहिलं डावं वळण गावाबाहेरच होतं. गाडी वळली, चाक उचललं नाही. ह्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

मग पडद्यापलीकडून आवाज आला, "आलीस?"

त्या आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"देवीला न्यायचं राहूनच गेलं बघ," ते म्हणाले. "देवासच्या टेकडीवर. तू म्हणायचीस आणि मी म्हणायचो, फटफटीवर मागं बाईमाणसाला कसं बसवू, लोक काय म्हणतील. पुढच्या खेपेला काहीतरी बघू. आता पडद्याची गाडी मिळाली, तर रिकामी घेऊन जाऊ कशी? म्हटलं, एखाद्या दिवशी येऊन बसशील."

पडदा माझ्या हाताशी होता. एकदा ओढला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. तो ओढायलाच तर मी आले होते. पण मला रडू येत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. ह्यांनाही पडद्याला हात लावायची हिंमत झाली नाही. शेवटी त्यांनी गाडी वळवली. घरी येताच मागं न बघता आत गेले. मी उतरून परसदारानं घरात शिरले आणि दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मंगळवारी देवासला जाऊन या. देवीला."

ह्यांच्या हातातला पाना खाली पडला. देवीची गोष्ट त्यांनी माझ्यापुढे कधी काढली नव्हती. आत मीच होते हे त्यांना उमगलं, की तिनं येऊन मला सांगितलं असं वाटलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

मंगळवारी सकाळी मी गळ्यातला टाक काढून गादीच्या खळग्यात ठेवला. शेजारी खण आणि नारळ ठेवला, पडदे नीट ओढले. गळा इतका हलका झाला की भीती वाटली. दिवसभर मी दारातच घुटमळत होते. दिवस कलताना हे आले तेव्हा पडदे वर गुंडाळलेले होते. टाकाला देवीचं कुंकू लागलं होतं. तो मी पुन्हा गळ्यात घातला.

आठवड्याभरात मनावरचा व्यापारी आला आणि ह्यांनी गाडी त्याच्या हवाली केली. आम्ही दोघं दारात उभे होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यानं डावं वळण घेतलं, तसं साइडकारचं चाक चांगलं वीतभर उचललं गेलं.

"रिकामी गेली," हे म्हणाले.

मग माझ्याकडे वळले आणि माझ्या गळ्यातल्या टाकाला त्यांनी बोट लावलं. इतक्या जवळून त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं, आणि आताही ते नक्की कोणाकडे बघत होते हे विचारायचं धाडस मला झालं नाही.