सुट्टीची गोळी आणि सुनंदाताई

संपादक मंडळींनी लेख मागून तीन महिने झाले. उशिराबद्दल हात जोडतो. सकाळी माझी बोटं वळत नाहीत, आणि दुपारी वाटतं, सातवी शिकलेल्या माणसाने सुनंदाताईंवर काय लिहावं? चुकीचं लिहिलं गेलं तर? पण ताईंच्या पंचाहत्तरीच्या अंकात माझ्या चार ओळी नसल्या, तर ते मलाच टोचत राहील.

रोह्याला ताईंचं औषधांचं दुकान होतं. धाटावच्या कंपनीत असताना मला संधिवात जडला. पेणच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, तेव्हा ताईंची माझी ओळख झाली. चिठ्ठी वाचून ताई म्हणाल्या, "दत्तारामभाऊ, आठवड्यातून एकदाच हां." मी मान डोलावली. गोळीने मळमळायचं, म्हणून मी ती साप्ताहिक सुट्टीला घेऊ लागलो. घरात तिचं नावच पडलं, 'सुट्टीची गोळी'.

पुढे दुरुस्तीसाठी कंपनी आठ दिवस बंद राहिली. माझी बायको जयवंती रोज चहाबरोबर म्हणे, "आज सुट्टी हाय ना? मग गोळी घ्या." मी रोज घेतली.

आठव्या दिवशी तोंड आलं. चहासुद्धा झोंबू लागला. जयवंती म्हणाली, "उष्णता हाय." मी ताईंकडे मलम मागायला गेलो.

"मलम नाय देत," ताई म्हणाल्या. "गोळी कधी घेतलीत?"

"आज सकाळी."

"आणि त्याआधी?"

"काल. सुट्टीच हाय की, ताई."

मागून एक गिऱ्हाईक ओरडलं, "ताई, माझं खोकल्याचं तेवढं द्या!"

"तुझा खोकला थांबंल रे," म्हणत ताईंनी शटर खाली ओढलं आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रोजच्या गोळीने रक्तातल्या पेशी पार घटल्या होत्या; रक्ताचा कागद बघून डॉक्टरांनी जयवंतीला बाहेर बोलावलं, तेव्हा कुठे मी घाबरलो. बारा दिवस खाटेवर होतो. ताई रोज पेज घेऊन येत.

जयवंती रडायची, "माझ्याच हातनं दिल्या ओ ताई."

"नाय गो. चूक माझी. एकदा घ्या म्हटलं, वार नाय विचारला."

बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. तेव्हापासून ताई पाकिटावर ठसठशीत 'गुरुवार' लिहीत आणि माझ्या तोंडून वार वदवल्याशिवाय गोळी हातात ठेवत नसत. रक्ततपासणी लांबली की, "आधी रक्त, मग गोळी." मी चिडायचो, "ताई, मी काय शाळेत हाय?"

"शाळेत नीट गेला असतात, तर वार पाठ असते!"

आता ते दुकान नाही. ताई पेणला भाच्याकडे असतात. गेल्या महिन्यात भेटलो, तर त्यांचीच बोटं सुजलेली. हसून म्हणाल्या, "मलापण तीच गोळी, दत्तारामभाऊ." मीही हसलो, आणि वार विचारायचा राहून गेला. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

ताईंनी निरोगी शंभरी गाठावी. आणि मंडळींनो, लेख छापा, न छापा, पण ताईंचा वार कोणता तेवढं लवकर कळवा. त्या दिवशी फोन करून विचारीन, घेतली का? उरलेले सहा दिवस विचारीन, घेतली नाही ना?