टिअर्नींची पाटी

सुमन आमच्या कराडकडची. ब्रिस्टलला हॉस्पिटलात नर्स म्हणून आली आणि फ्रँक टिअर्नीशी लग्न लावून बसली. तिचा बा दोन वर्षं बोलला न्हाई. फ्रँक आयरिश, विमानाच्या कारखान्यात फिटर, हाताचा लई कसबी. दारावरची पितळी पाटी त्यानं स्वतः कोरलेली. नुसतं आडनाव. सुमन त्याला अहोच म्हणायची, आणि तोही निमूट ओ द्यायचा.

ती ऐंशीची सालं. इंग्लंडात कुठं आयरिश बंडखोरांचा बॉम्ब फुटला की दुसऱ्या दिवशी कारखान्यात फ्रँकशेजारी जेवायला कुणी बसायचं न्हाई. एकदा तर पोलिसांनी गेटवरनंच नेला, दिवसभर प्रश्न विचारून सोडला. तवापासनं त्याला खूळ लागलं. सुटी आली की लायब्ररीत बसायचं आणि पुस्तकांत आपलं आडनाव हुडकायचं. लढायांच्या इतिहासात टिअर्नी सापडायचे ते मेलेल्यांत, तेही इंग्रजांच्या पलटणीत. कादंबऱ्यांत सापडायचे ते दारुडे, तबेल्यातले, न्हाईतर फितूर. एक टिअर्नी पुण्याच्या छावणीत तापानं गेलेला.

"म्हणजे आमच्यावर बंदूक रोखायला आलावता की," सुमन म्हणाली.

"पोटासाठी आलेला. या इंग्रजांसाठी मेलो, तरी यांच्या गोष्टीत आम्ही चोरच," फ्रँक म्हणाला.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात पुन्हा बॉम्ब फुटले. एका सकाळी दारावर, पाटीसकट, लाल रंग फेकलेला. लेक सीमा शाळेला जायला निघाली ती तिथंच थिजली. फ्रँक कामावर होता. सुमननं स्क्रू काढले, पाटी पुसली आणि साड्यांच्या खाली सारली.

संध्याकाळी फ्रँक दारावरच्या भोकांकडं बघत उभा राहिला.

"त्यांनी काढली असती तर समजलो असतो," तो म्हणाला. "तू काढलीस."

मग तो बोलायचाच बंद झाला. लायब्ररीही सुटली. जेवायचा, भांडी धुवायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

त्याच आठवड्यात महाराष्ट्र मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, चर्चच्या हॉलात. तिथं सुमन नुसती सुमनताई होती. नवरा इंग्लिश असावा असं बायकांनी गृहीत धरलेलं, आणि तिनंही ते मोडलं न्हवतं. उखाण्यात फ्रँकरावांचं नाव घेतलं की बायका खिदळायच्या, तेवढ्यावर भागायचं. आडनाव उखाण्यात कुणी घेतं का?

वीणाताई अध्यक्षीणबाई, नवरा सुमनच्याच हॉस्पिटलात मोठा डॉक्टर. आयरिश लोकांना एकदाचं बोटीत घालून धाडायला पाहिजे, असं त्यांचं आधीच बोलून झालं होतं. बायकांनी माना डोलावल्या. सुमननंही डोलावली. मान हलली आणि तिला दारावरची भोकं दिसली.

"चला सुमनताई, तुमच्या साहेबांचं नाव येऊ द्या," वीणाताई म्हणाल्या.

सुमन उभी राहिली.

"कादंबरीत ठरला दारुडा, लढाईत पडला खर्ची,
फ्रँक टिअर्नींचं नाव घेते, भीती न्हाई कुणाची."

भीती होती. ती ऐकणाऱ्यांना कळत होती. कुणी हसलं न्हाई. एकीनं आयरिश का, म्हणून हळूच विचारलं. सुमन हो म्हणाली. वीणाताईंनी वाणाची वाटी तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली. तिळगूळ दिला, पण गोड बोला म्हणाल्या न्हाईत.

घरी येऊन सुमननं साड्यांखालनं पाटी काढली आणि पुन्हा दाराला लावायला घेतली. स्क्रू-ड्रायव्हर सापडला न्हाई, म्हणून भाजीच्या सुरीनंच स्क्रू पिळले. फ्रँक कामावरनं आला. पाटी एका अंगाला कलली होती. तो आत गेला, हत्यारांची पेटी आणली आणि पाटी सरळ केली.

"मंडळात तुमचं नाव घेतलं. आख्खं," सुमन म्हणाली.

"मग आता तुझ्याही शेजारी कुणी बसणार नाही," फ्रँक म्हणाला, आणि दोघांचा चहा टाकायला गेला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रंग पडला. या खेपेला त्यानं बादली धरली, तिनं घासलं. पाटी जागची हलली न्हाई. सीमा मात्र त्या दिवसापासनं मागच्या दारानं घरात यायला लागली.