वेणूला टेकडीवरून

कमूच्या घरात फोनला रेंज नाही. खोडाळ्यापासून बरंच आत, डोंगराच्या कुशीत तिचा पाडा. फोन लावायचा तर मागची टेकडी चढून मोहाच्या झाडाखाली जायचं. तिथंही आवाज तुटक येतो, पण लिहिलेला मेसेज मात्र जातो. सातवीत आश्रमशाळा सुटली तेव्हाच कमूचं लिहिणंही सुटलं होतं. ते या कार्तिकात पुन्हा सुरू झालं, वेणूमुळे.

वेणू तिची आश्रमशाळेतली मैत्रीण. दोघी एका चटईवर झोपलेल्या, एकमेकींच्या वेण्या घातलेल्या. लग्न होऊन वेणू मोखाड्याकडं गेली. बरीच वर्षं मूल नव्हतं, आणि झालं ते दिवस भरायच्या आधीच. एवढंसं पोर, ओंजळीत मावेल असं. त्याला नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात नेऊन काचेच्या पेटीत ठेवलं. वेणूचा नवरा मंगळू बाहेर व्हरांड्यात आणि वेणू बाळंतिणींच्या वॉर्डात. दुधाच्या वेळेलाच तिला बाळाजवळ सोडत. बाकीचा वेळ ती खाटेवर पडून नको नको ते मनात आणायची आणि कमूला लिहायची.

कमूनं आधी सगळे करतात तेच केलं. देवीचं एक चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘काळजी करू नको, सगळं चांगलं होईल.’

वेणूचं उत्तर आलं, ‘तुला कोणी सांगितलं?’

कमूला ते लागलं. फोन कमरेला खोचून ती खाली आली आणि खळ्यावर भात झोडायला लागली. पण झोडताना तिच्या मनात तेच घोळत राहिलं. वेणू काही चुकीचं बोलली नव्हती. खरंच, कोणी सांगितलं होतं? आश्रमशाळेत पहिल्या वर्षी कमू घरच्या आठवणीनं रडायची, तेव्हा वेणूनं तिला कधी गप्प बस म्हटलं नव्हतं. तुमच्याकडं कोंबड्या किती, त्यातली खोडकर कोणती, असलंच काहीबाही विचारत बसायची. सांगता सांगता कमूचं रडू ओसरायचं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेकडीवर गेली. अक्षरं शोधून शोधून तिनं लिहिलं, ‘मला नाय माहीत काय होईल. पण मी हितं बसले. तुला काय दिसतं ते सांग.’

मग वेणू लिहायला लागली. बाळाच्या डोक्यावर पिवळी टोपी आहे. नाकात नळी आहे. पायाचा अंगठा सारखा हलवतो. कमूनं विचारलं, कुठल्या पायाचा? वेणूला सांगता येईना. पुढच्या वेळी आत गेली तेव्हा तिनं नीट बघितलं आणि लिहिलं, ‘डाव्या.’

तेव्हापासून रोज असंच चाललं. वेणू तिथलं लिहायची, कमू इथलं. नागली कापून झाली, शेळी व्याली, वरच्या आळीत कुणाचं तरी भांडण झालं. वेणूची भीती गेली नव्हती. दोन मेसेज सरळ आले की तिसरा रडका यायचा. कमू त्यालाही उत्तर द्यायची.

एका संध्याकाळी मेसेज आला, ‘दुधाला आले तर बाळाला पेटीतून काढून नेलेलं. दार लावलंय. मंगळू चहा आणायला गेलाय. कोणी काही सांगत नाही. कमू, तो गेला वाटतं.’

कमूनं मेसेज पुन्हा वाचला. सून अंधार पडत आला तरी परतली नाही, म्हणून काळी, तिची सासू, हातात बॅटरी घेऊन टेकडी चढून आली होती. कमूनं तिला मेसेज वाचून दाखवला. काळीला वाचता येत नव्हतं. ऐकून ती झाडाच्या मुळीवर टेकली.

काळीचं पहिलं सासर वावर गावाकडचं. त्या भागात एका साली कुपोषणानं पुष्कळ पोरं दगावली, ते कमूनं फक्त ऐकलेलं होतं. काळी त्याबद्दल कधी बोलत नसे. आज हळूच म्हणाली, “माझा पहिला पोरगा गेला तवा मी घरात एकटी. कोणाला हाक मारावी तेच कळलं नाय. तू तिला लिही, ऊठ म्हणावं. दारावर जा, नर्सबाईला विचार. रडायचं ते मागून रड.”

कमूनं सासूकडं बघितलं. या पोराबद्दल तिला आजवर काही माहीतच नव्हतं. पण आता विचारायची वेळ नव्हती. तिनं लिहिलं, ‘वेणू ऊठ. दारावर जा. नर्सबाईला विचार. माझी सासू पण सांगते. आम्ही दोघी हितंच आहोत.’

दोघी वाट बघत बसल्या. खाली पाड्यात चुली पेटल्या होत्या. काळी मधूनमधून विचारायची, आलं का काही?

शेवटी फोन वाजला. बाळ जरा पिवळं पडलं होतं, म्हणून त्याला निळ्या उजेडाखाली ठेवायला नेलं होतं. अशा लवकर झालेल्या पोरांना होतं असं, घाबरू नका, असं म्हणत नर्सबाईनं वेणूला दारातून बाळ दाखवलंही होतं. ‘अंगठा हलवतो,’ वेणूनं लिहिलं होतं.

कमूनं ते मोठ्यानं वाचलं. काळीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “आता विचार, तिनं खाल्लं का काही.”

थंडी वाढली तसं बाळही भरत गेलं. आधी नळी निघाली, मग पेटी सुटली. घरी जायच्या दिवशी वेणूची जीप खोडाळ्यावरून जाणार होती, तेव्हा कमू आणि काळी बाजारात जाऊन उभ्या राहिल्या. एवढं लिहिलेल्या दोघी समोरासमोर आल्या. वेणूनं बाळ पुढं केलं. कमूच्या आधी काळीनंच हात पसरले. जीपवाला घाई करू लागला तरी ती पोराला सोडीना.

वेणू अजून घाबरते. पोर झोपलं की नाकाशी बोट धरून बघते, शिंकलं तरी दचकून उठून बसते. मग कमूला लिहिते. टेकडीवर जायला सवड मिळाली की कमू वाचते, आणि आधी विचारते, ‘दूध प्याला का?’

‘प्याला,’ वेणू लिहिते. ‘आता लाथा मारतो.’