पानी म्हणणाऱ्यांचे आवाज

"सहज बोला, वाचल्यासारखं नको," असं म्हणून ती मायक्रोफोन समोरच्याच्या हातात द्यायची आणि स्वतः समुद्राकडे बघत बसायची. तोंडाकडे बघितलं की माणसं शुद्ध बोलायला लागतात, असं तिचं मत.

विरारजवळ चंदनसारला आमच्याच इमारतीत ती एकटी राहायची. बोललेलं मराठी ऐकून पडद्यावर लिहून दाखवेल असा संगणक घडवण्याचं काम ती मुंबईच्या एका संशोधन संस्थेत करत होती. तुम्हाला आज यात नवल वाटणार नाही. दोन हजार सालच्या आसपास आम्हाला मात्र तो रिकामा उद्योग वाटे. मी अर्नाळ्याच्या शाळेत शिक्षक, म्हणून आवाज गोळा करायला तिने मला गाठलं.

मासळी वाळवणाऱ्या एका मावशींकडे मी तिला नेलं. मावशी म्हणाल्या, "पानी." तिच्या लॅपटॉपवर उमटलं, 'गाणी'. मी ते वाचून दाखवलं.

"पानी मागितलं तर गानी देतो काय यो?"

"मावशी, पाणी म्हणा. ण," मी समजावू लागलो.

"सर, त्यांना नका शिकवू," ती म्हणाली. "शिकायचंय याला."

संस्थेतल्या प्रमुखांनी असले आवाज वगळायला सांगितले. त्या आवाजांमुळे यंत्राचा निकाल घसरत होता आणि शोधनिबंध परिषदेला पाठवायचा होता. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, मग शीर्षकात नुसतं 'मराठी' लिहू नका. 'थोडी मराठी' लिहा."

निबंध तिच्या नावाशिवाय गेला. पुढे तिच्या नोकरीची मुदतही वाढली नाही. विरारच्या एका क्लासमध्ये ती टायपिंग शिकवू लागली. रविवारी मात्र जुना लॅपटॉप घेऊन आवाज गोळा करायला अर्नाळा नाहीतर शेजारचं वटार ठरलेलं.

"नोकरी गेल्याचं वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"वाटतं ना," ती म्हणाली आणि वायर गुंडाळत राहिली.

एका हिवाळ्यात ती पुन्हा मावशींपुढे बसली. "पानी." पडद्यावर आलं, 'पाणी'. मी मोठ्याने वाचलं. मावशींचा विश्वास बसेना. खात्रीसाठी त्यांनी नवऱ्याला एक ठेवणीतली शिवी हासडली. यंत्राने लिहिलं, 'होडी'. तिला एवढं हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्या कामाच्या जोरावरच तिला बंगळूरला नोकरी मिळाली. सगळे आवाज घेऊन ती गेली. पत्र नाही, फोन नाही.

मध्ये मावशी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "सर, ती बाय माजं बोलनं घेऊन कुटं गेली?"

"बंगळूरला. लांब आहे."

मावशींनी टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी तर कदी वसईच्या पुढं गेले नाय."